धुण्याच्या खुणा

शालिनी रेडीज यांच्या मूत्राशयातून काढलेला बोराएवढा तुकडा मेणाच्या वडीत बारा वर्षं पडून होता. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाच्या तळघरात अशा हजारो वड्या खोक्यांत रचलेल्या होत्या. त्या टाकून द्यायच्या की ठेवायच्या हे कुणीच ठरवलं नव्हतं, आणि एवढ्याच कारणानं शालिनीबाईंची वडी टिकली. २०३९च्या फेब्रुवारीत चौकशी आयोगाच्या माणसानं ती शोधून काढली. मार्चमध्ये त्यांचे पती भालचंद्र रेडीज यांना पत्र आलं, की अहवाल तयार आहे, समक्ष येऊन समजून घ्यावा.

भालचंद्रांना पत्राचा रागच आला. तपासणीला संमती त्यांनी दिली नव्हती, त्यांच्या मुलीनं, केतकीनं, परस्पर दिली होती.

"मला विचारायचंस तरी," ते फोनवर म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, बाबा."

"म्हणालोच असतो! त्यात शोधायचंय काय? मिश्रीनं गेली ती. पन्नास वर्षं तंबाखू भाजून दातांना लावली, दुसरं काय होणार?"

हे वाक्य तिनं आईच्या दहाव्याला ऐकलं होतं, वर्षश्राद्धालाही ऐकलं होतं.

आयोग नेमला गेला होता तो आडखोलच्या रंगाच्या कंपनीसाठी. कंपनीला दुसरं नाव होतं, पण खाडीकाठच्या त्या गावात ते कुणी घेत नसे. कापडाच्या रंगाला लागणारी भुकटी तिथं बनायची. कंपनी बंद होऊन दहा वर्षं झाली होती, पण ती विकत घेणारा मोठा उद्योगसमूह अजून उभा होता, आणि कामगारांच्या घरातल्या एकोणीस बायका एकाच कर्करोगानं गेल्या होत्या. उद्योगसमूहाचं म्हणणं सरळ होतं. कंपनीच्या फाटकाच्या आत एकही स्त्री कधी कामाला नव्हती. या भागात घरोघरी मिश्री लावतात. आणखी कारण कशाला हवं?

भालचंद्रांनी त्या कंपनीत तीस वर्षं काढली होती. लागले तेव्हा साधे ऑपरेटर होते, निवृत्त झाले ते सुरक्षा अधिकारी म्हणून. वय आता शहात्तर. रोज पाच किलोमीटर चालत होते.

आयोगाच्या जनुक-वाचन केंद्रात डॉ. तबस्सुम काझी यांनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. बाई पस्तिशीच्या होत्या, बोलणं मोजकं.

"एक पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातली तीनशे कोटी अक्षरं नकलून काढावी लागतात," त्या म्हणाल्या. "नक्कल करताना चुका होतात. त्यांना आपण उत्परिवर्तनं म्हणतो. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, कोऱ्या पानावर पडलेल्या शाईच्या थेंबासारख्या. पण पेशीची वाढ आवरणाऱ्या एखाद्या जनुकातच चूक झाली, तर पेशी कुणाचं ऐकेनाशी होते."

"हे मला ठाऊक आहे," भालचंद्र म्हणाले. "सुरक्षा अधिकारी होतो मी."

"मग पुढचं सांगते. चुका कशाही होत नाहीत. उन्हानं होणारी चूक वेगळी, तंबाखूच्या धुरानं होणारी वेगळी, बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या विषानं होणारी वेगळी. कुठलं अक्षर बदललं, त्याच्या शेजारी कोणती अक्षरं होती, यावरून कारण ओळखता येतं. जुन्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला चुका पाहूनच कळायचं, की हा मजकूर कुठल्या जुळाऱ्यानं जुळवला असेल. तसंच."

हे शास्त्र तसं नवं नव्हतं. नवं होतं ते यंत्र. ते एकेक पेशी सुटी करून वाचत असे. शिवाय काही चुका प्रत्येक पेशीत वर्षागणिक ठरावीक गतीनं साचत जातात. त्या चुकांचं घड्याळासारखं माप धरून, बाकीच्या खुणा कुठल्या वर्षी उमटल्या हेही यंत्र सांगे, फार तर एखाद्या वर्षाच्या फरकानं. गेल्या सहा वर्षांत या यंत्रानं बरीच उलथापालथ केली होती. विमा कंपन्यांनी अर्जाबरोबर गालाचा फाया मागायला सुरुवात केली, तेव्हा संसदेला कायदा करून ते थांबवावं लागलं. लग्नाआधी मुलाचं वाचन मागणारी घरं निघाली. आणि न्यायालयांनी दोन वर्षांपूर्वी खूणवाचन पुरावा म्हणून मान्य केलं होतं.

"मिश्रीची खूण सापडली ना?" भालचंद्रांनी विचारलं.

"सापडली. शंभर खुणांतल्या सात."

"आणि बाकीच्या?"

डॉ. काझींनी पडद्यावर स्तंभांची रांग आणली. "वयामुळे होणाऱ्या तीस. उरलेल्या त्रेसष्ट एकाच कारणाच्या आहेत. तुमच्या कंपनीत ज्याला बी-पावडर म्हणत, तिच्या. पहिली खूण १९९७च्या सुमाराची. मग दरवर्षी वाढत गेल्या. २००६ला एकदम थांबल्या."

भालचंद्र स्तंभांकडे पाहत राहिले. १९९७ साली ते ड्रायर विभागाचे फोरमन झाले होते. भुकटी वाळायची आणि पोत्यांत भरली जायची तो विभाग.

"मी तिथं रोज आठ तास उभा असायचो," ते म्हणाले. "मला काही झालं नाही."

"तुमचाही नमुना देता का? तासाभरात कळेल."

तासाभरानं कळलं. त्यांच्या पेशींत त्याच खुणा होत्या, पण शालिनीबाईंच्या एक दशांश.

"तुम्हाला मास्क होता, रबरी हातमोजे होते. निघताना कंपनीत आंघोळ होती," डॉ. काझी म्हणाल्या. "ही भुकटी पाण्यात विरघळली की कातडीतून आत जाते. गरम पाण्यात तर लवकर. गणवेश कोण धूत होतं?"

उत्तर केतकीनं दिलं. "आई. न्हाणीघरात. बंबाचं पाणी घेऊन."

निघताना डॉ. काझींनी आणखी एक गोष्ट सांगितली. अहवालात होती म्हणून सांगितली, त्यामागे दुसरा हेतू नव्हता. तंबाखूच्या त्या सात खुणांतली शेवटची २०२१ची होती. त्यानंतर एकही नवी नव्हती.

२०२१ साली शालिनीबाईंनी मिश्री सोडल्याचं सांगितलं होतं. भालचंद्रांचा विश्वास बसला नव्हता. ते त्यांच्या बोटांचा वास घेऊन पाहत, तांदळाच्या डब्यामागे हात घालून पाहत. पुढे आजार निघाला, तेव्हा डॉक्टरांसमोर त्यांनी बायकोकडे बोट करून म्हटलं होतं, "चोरून लावत असणार." शालिनीबाई म्हणाल्या होत्या, "देवाशपथ नाही हो." त्यावर ते डॉक्टरांकडे पाहून हसले होते.

परतताना गाडी केतकी चालवत होती. घाट उतरल्यावर तिनं विचारलं, "२००६ला काय झालं होतं?"

"कंपनीत धुलाईगृह सुरू झालं."

"आणि त्याआधी सगळ्यांचे कपडे घरी यायचे?"

"सगळ्यांचे."

"मग हेच तर हवंय आयोगाला! एकोणीस जणींतल्या तिघींच्याच वड्या सापडल्यात, बाबा. बाकीच्यांचं वाचायलाही काही उरलेलं नाही. तुम्ही सांगितलंत की गणवेश घरोघरी जात होते, तर सगळ्याच जणींचा दावा उभा राहतो."

भालचंद्रांनी काच खाली केली.

चार दिवसांनी महादेव भुवड आला. तो त्यांच्याच हाताखाली पोती भरायला होता. बायको पार्वती नऊ वर्षांपूर्वी गेली, एकोणिसांतलीच एक. ओटीवर बसला, पाणी प्यायला, आणि उगाच इकडचं-तिकडचं न बोलता मुद्द्यावर आला.

"साहेब, कंपनीच्या वकिलानं आयोगाला एक कागद दिलाय. २००३चा. त्यात लिवलंय की कामगारांची कापडं कारखान्यातल्या धुलाईगृहातच धुतली जातात."

"हं."

"सही तुमची हाय."

भालचंद्रांनी मान हलवली.

"तवा तर धुलाईगृह नव्हतंच," महादेव म्हणाला. "पोरीच्या लग्नात तरी घरात ही पावडरची कापडं नकोत, कंपनीतच धुवून द्या म्हणून मी तुमच्याकडं आलेलो. तुम्हीच म्हणालात, घरी ने, सोड्यात उकळून काढ. म्हणून पार्वतीनं उकळली. तिनं जन्मात कधी मिश्री लावली नाय, साहेब. कंपनीचा वकील म्हणतो, लावत असणार."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर भालचंद्रांना सोपं गेलं असतं.

घडलं होतं ते थोडक्यात असं. २००३ साली सरकारी तपासणी होणार होती. त्याच्या आधी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं, की या भुकटीनं माखलेले कपडे कामगारांच्या घरी जाता कामा नयेत. पत्र इंग्रजीत होतं. ते फोरमनपर्यंत आलं, खाली कुणाला दाखवलं गेलं नाही. मॅनेजर म्हणाले, धुलाईगृह महिन्याभरात होतंय, तूर्त सही करा. भालचंद्रांनी सही केली. पुढच्या वर्षी ते सुरक्षा अधिकारी झाले. धुलाईगृह तीन वर्षांनी झालं. मॅनेजर केव्हाच वारले होते.

हे त्यांनी केतकीला स्वतःहून सांगितलं. ती रविवारी आली होती, स्वयंपाकघरात उभी राहून त्यांच्यासाठी भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

"पत्र तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"आणि त्या संध्याकाळी गणवेश घरी आणलात."

"रोजच आणत होतो. त्या दिवशीही आणला."

"आईला सांगितलं नाहीत."

"वाटलं, इतके दिवस काही झालं नाही. आणि तिला सांगितलं असतं तर तिनं आळीभर सांगितलं असतं. मग कामगार अडून बसले असते."

केतकीनं निवडलेली भाजी पातेल्यात टाकली, हात धुतले, पिशवी उचलली आणि गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

सुनावणीच्या आधी उद्योगसमूहाचा वकील भेटून गेला. तरुण होता, बोलायला नम्र. शालिनीबाईंचं वाचन निर्विवाद आहे, असं तोच म्हणाला. त्यांच्यापुरतं प्रकरण वेगळं काढून आम्ही जबाबदारी मान्य करू, तुम्हाला साक्षीला यायची गरजच पडणार नाही.

"आणि बाकीच्या?"

"त्यांच्याबद्दल पुरावा असा काही नाही," वकील म्हणाला. "आजोबा, तुमच्या भल्यासाठी सांगतो. तो कागद खोटा होता असं तुम्ही म्हणालात, तर गुन्हा कंपनीच्या आधी तुमच्यावर दाखल होईल. तुम्ही आजवर सन्मानानं राहिलात."

"माझं सांगणं ऐकून घ्या," भालचंद्र म्हणाले. "माझ्या बायकोचं प्रकरण वेगळं काढायचं नाही."

हे ठामपणे बोलून त्यांनी दार लावलं खरं, पण पुढचे आठ दिवस त्यांचा काही निश्चय होत नव्हता. फिरायला जायचं बंद झालं. एकदा त्यांनी आयोगाला तब्येत बरी नसल्याचं पत्रही लिहिलं आणि टपालात टाकायला निघाले. वाटेत जुन्या कंपनीच्या वसाहतीवरून जावं लागे. तिथल्या चाळीच्या मागच्या भिंतीवर, कपडे वाळत घालायच्या तारांखाली, गणवेशांतून निथळलेल्या पाण्याचे जांभळट ओघळ अजूनही दिसत होते. त्या वाटेनं ते हजार वेळा गेले असतील. पत्र घेऊन ते परत आले.

आयोगासमोर त्यांची साक्ष चाळीस मिनिटं चालली.

"ही सही तुमची?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"माझी."

"मजकूर वाचून केलीत?"

"वाचून केली. मजकूर खोटा आहे. त्या दिवशी धुलाईगृहाचा पायाही खणलेला नव्हता. एकशे चाळीस कामगारांचे गणवेश एकशे चाळीस घरांत धुतले जात होते. हे धोक्याचं आहे असं पत्र मी वाचलेलं होतं."

"म्हणजे दोष तुमचा."

"माझा आहे. मॅनेजरांचाही होता. आणि ज्यांनी तीन वर्षं धुलाईगृह बांधलं नाही त्यांचाही. मी माझ्या वाट्याचं सांगतोय."

मागच्या बाकांवर कुणीतरी बाई रडायला लागली. केतकी आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती, आणि साक्ष संपताच उठून गेली. महादेव भुवड दाराशी उभा होता. भालचंद्र जवळून गेले, तेव्हा तो बाजूला सरला.

जुलैत निकाल आला. एकोणीसही मृत्यूंना गणवेशावरची भुकटी कारणीभूत असल्याचं आयोगानं मान्य केलं. खोटं प्रमाणपत्र दिल्याबद्दल भालचंद्र रेडीज यांच्यावर गुन्हा नोंदवण्याची शिफारस झाली. वय पाहता तुरुंगापर्यंत जाणार नाही, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं.

गावात लोक त्यांना टाळू लागले. त्यांनीही कुणाला अडवलं नाही. पण ऑगस्टमध्ये डॉ. काझींनी त्यांना बोलावून घेतलं. ज्या बायका अजून जिवंत होत्या त्यांची तपासणी करायची होती. खूण आधी उमटते, रोग वीस-तीस वर्षांनी येतो. वेळेत सापडला तर दुर्बिणीतून खरवडून काढता येतो. पण कुणाला बोलवायचं? कंपनीची हजेरीपुस्तकं पुरात वाहून गेली होती. कोण कुठल्या विभागात किती वर्षं होतं, हे एका माणसाच्या डोक्यात होतं.

भालचंद्रांनी सहा आठवडे बसून यादी केली. कामगाराचं नाव, विभाग, साल, घरात कपडे धुणारी बाई. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची विधवा बहीण. त्या यादीवरून बोलावलेल्या बायकांपैकी चौघींना सुरुवातीचा रोग निघाला. चौघींवर उपचार झाले, चौघी घरी गेल्या.

"तुमचं घर नाही यात," एकदा यादी चाळताना डॉ. काझी म्हणाल्या.

"शालिनीचा अहवाल तर तुमच्याकडेच आहे."

"घरात आणखी कुणी नव्हतं?"

"केतकी. ती लहान होती. दोन वर्षांची होती ती सत्त्याण्णवला. ती कुठं कपडे धुणार?"

"तरी बोलवा."

त्या दिवशी त्यांनी पाच महिन्यांनी मुलीला फोन केला. तिनं उचलला.

"तुला तपासणीला यावं लागेल," ते म्हणाले. "गुरुवारी. सकाळी."

"तुम्ही असाल तिथं?"

"तू म्हणशील तर असेन."

"असा," ती म्हणाली.

केतकीच्या पेशींत खुणा निघाल्या. आईइतक्या नाहीत, पण वडिलांपेक्षा जास्त. पहिली २०००ची, शेवटची २००६ची. धोक्याच्या जनुकात एकही नव्हती, निदान आजवर. दरवर्षी तपासणी करावी लागेल, डॉ. काझी म्हणाल्या, आयुष्यभर.

"पण या आल्या कुठून?" भालचंद्रांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला. "ती कपड्यांना हात लावत नव्हती!"

"हात नव्हते लावत," केतकी म्हणाली. ती वडिलांकडे न पाहता डॉक्टरांशी बोलत होती. "दर रविवारी आई मोठ्या टबात कपडे भिजवायची. तिची कंबर दुखायची. मग मला त्यात उभं करायची आणि म्हणायची, नाच. मी पाच वर्षांची असल्यापासून. पाणी जांभळं व्हायचं. मला फार आवडायचं ते."

"हे मला माहीत नव्हतं," भालचंद्र म्हणाले.

"तुम्ही बाजारात असायचात."

केतकीनं अहवाल घडी करून पिशवीत ठेवला. भालचंद्र यादीकडे पाहत होते. एकशे चाळीस घरं. प्रत्येक घरापुढे एक बाई. पोरांचा रकानाच त्यांनी आखला नव्हता.

"डॉक्टर, ही यादी अपुरी आहे," ते म्हणाले. "मला परत द्या."

केतकीनं त्यांना आडखोलला सोडलं. घरापाशी गाडी थांबवली, पण ते उतरेनात. भुवडवाडीच्या वळणापर्यंत ने, म्हणाले. तिनं नेलं.

महादेव अंगणात कोलमं, खाडीतली बारीक कोळंबी, वाळत घालत होता. साहेबांना पाहून तो सरळ उभा राहिला. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. भालचंद्र अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरच थांबले. मागं केतकी गाडीतून उतरली होती.

"महादेव, एकच विचारतो आणि जातो," ते म्हणाले. "तुझ्याकडे कपडे भिजवले की टबात उभं राहून ते कोण तुडवायचं?"

महादेवानं त्यांच्याकडे पाहिलं, मग केतकीकडे पाहिलं. हातातली कोलमं सुपात ठेवली, आणि घराकडे तोंड करून धाकट्या लेकीला हाक मारली.

"सुरेखा, जरा भायेर ये गो."